पॉपमधून ब्रॉडवेवर: सारा बरेलिसने काय केलं आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न असा आहे: पियानोवर बसून स्वतःची गाणी गाणारी अमेरिकन पॉप गायिका सारा बरेलिस ब्रॉडवेची (न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीची) संगीतकार-गीतकार आणि पुढे अभिनेत्री कशी झाली? आणि सध्या स्वतःची गाणी करणाऱ्या आपल्याकडच्या गायक-गायिकेला तो रस्ता धरायचा असेल, तर तिच्याकडून काय घेता येईल?

तिच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त पाहण्यासारखा आहे तो क्रम. तिने आधी दुसऱ्यांनी गाण्यासाठी लिहिलं. ते दुसरी अभिनेत्री जवळजवळ वर्षभर गात होती, मग ती स्वतः त्या भूमिकेत उतरली, आणि त्यानंतर काही वर्षांनी तिने दुसऱ्याने लिहिलेली अवघड भूमिका घेतली. बहुतेक पॉप कलाकार उलटे जातात. नाव मोठं म्हणून थेट मुख्य भूमिका, तीही दहा-बारा आठवड्यांची, आणि मग परत आपल्या मैफिली. त्यात पैसे मिळतात, पण हातात कसब फारसं येत नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात. जन्म १९७९चा, उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरेका गावचा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकताना ती वाद्यांशिवाय गाणाऱ्या अ कॅपेला गटात होती. हा तपशील लोक ओलांडून जातात. पण चार-पाच आवाजांत आपली ओळ धरून ठेवणं आणि शेजारच्याच्या स्वरात स्वतःचा आवाज विरघळवणं तिथेच शिकायला मिळतं, आणि नाटकासाठी समूहाचं गाणं लिहिताना नेमकं तेच लागतं. २००७मध्ये ‘लिटल व्हॉइस’ हा अल्बम आला. त्यातलं ‘लव्ह साँग’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. २०१०चा ‘कॅलिडोस्कोप हार्ट’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. २०१३मध्ये ‘द ब्लेस्ड अनरेस्ट’ आला आणि त्याच सुमारास तिने लॉस एंजेलिस सोडून न्यूयॉर्क गाठलं.

तिथे दिग्दर्शिका डायन पॉलस यांच्यासोबत ‘वेट्रेस’चं काम सुरू झालं. अ‍ॅड्रिएन शेली यांच्या २००७च्या चित्रपटावरून हे संगीत नाटक रचायचं होतं. संहिता जेसी नेल्सन यांची, गीत-संगीत साराचं. पहिले प्रयोग ऑगस्ट २०१५मध्ये केंब्रिजच्या (मॅसॅच्युसेट्समधल्या) अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये झाले. पुढे २४ एप्रिल २०१६ला ब्रॉडवेच्या ब्रूक्स अ‍ॅटकिन्सन थिएटरमध्ये नाटक अधिकृतपणे उघडलं. साधारण हजार प्रेक्षकांचं हे नाट्यगृह ब्रॉडवेच्या हिशेबात मध्यमच. २०२२पासून त्याला गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न यांचं नाव आहे.

आता मुख्य मुद्दा, गाणं लिहिण्याचा. पॉप गाणं एक मनःस्थिती पकडून तिच्यात साडेतीन मिनिटं राहतं. धृपद तीनदा येतं, शब्द तेच, आणि ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. नाटकातल्या गाण्याला हे परवडत नाही. पात्र गाण्यात शिरताना जिथे आहे, तिथेच ते गाणं संपताना असेल तर प्रेक्षागृहात खोकल्याचे आवाज सुरू होतात. संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या कानांना हे थोडं विचित्र वाटेल. आपल्याकडे पद सुरू झालं की कथा खुशाल थांबते, गायक नट भाव फुलवत राहतो आणि वन्समोअर आला तर पुन्हा गातो. ब्रॉडवेच्या आजच्या पद्धतीत गाणं हाच प्रसंग असतो, आणि घडून गेलेला प्रसंग पुन्हा घडवता येत नाही.

‘शी यूज्ड टू बी माइन’ हे गाणं या दृष्टीने जवळून बघा. ‘वेट्रेस’साठी साराने लिहिलेलं हे पहिलं गाणं, पण नाटकात ते येतं दुसऱ्या अंकात, शेवटाकडे. जेना ही उपाहारगृहात ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) बनवणारी वेट्रेस. लग्न वाईट आहे, दिवस गेलेले आहेत, आणि सुटका करून घेण्यासाठी तिने घरात लपवून साठवलेले पैसे नवऱ्याच्या हाती लागतात. त्यानंतर हे गाणं. आपण पूर्वी कोण होतो, ते ती स्वतःला ‘ती’ म्हणत सांगते. चाल साधी, संथ झुलती, सुरुवात जवळजवळ बोलण्याच्या सुरात. आवाज चढतो तो तिला राग येतो तेव्हा, वरची पट्टी दाखवायची म्हणून नव्हे. सुटं ऐकलं तर हे उत्तम पॉप गाणं आहे. नाटकात ऐकलं तर त्याआधीच्या दीड-दोन तासांत प्रेक्षकाने पाहिलेलं सगळं त्यात येऊन पडतं. शेवटाकडचं गाणं आधी हातात असल्याचा मोठा फायदा म्हणजे बाकीची गाणी कुठे पोहोचवायची आहेत ते पक्कं ठरलेलं असतं. नव्याने लिहिणाऱ्याला हाच सल्ला द्यावासा वाटतो. सुरुवातीचं गाणं शेवटी लिहा. पात्र सगळ्यात जास्त कोंडीत कुठे सापडतं ते शोधा आणि तिथलं गाणं पहिल्यांदा लिहा.

दुसरी अडचण आवाजांची. स्वतःसाठी लिहिणाऱ्याची सगळी पात्रं त्याच्यासारखीच गायला लागतात. तोच आवाका, तसेच श्वास, तशाच लांबीच्या ओळी. साराने हे टाळलं ते पात्रागणिक गाण्याची चाल बदलून. जेनाची सहकारी, बुजरी वेट्रेस डॉन हिच्या ‘व्हेन ही सीज मी’मध्ये शब्द एकमेकांवर आदळत येतात, कारण बाई घाबरलेली आहे आणि थांबली तर पुढचं बोलायचा धीर होणार नाही. दुसरी वेट्रेस बेकी हिच्या ‘आय डिडन्ट प्लॅन इट’ला सोल संगीताचा दणका आहे. जेनाचा नवरा अर्ल याच्या वाट्याला रॉकचा खरखरीतपणा. डॉनच्या प्रेमात पडलेल्या ऑगीचं गाणं उघडउघड विनोदी आहे, त्यात ठेका विनोदाच्या जागा राखून चालतो. हे सगळं सहा वादकांच्या मंचावरच बसलेल्या संचात बसवलेलं आहे. पॉप बँड असतो तेवढाच तो संच. त्यामुळे तिच्या संगीताचा पोत नाटकात आल्यावरही गुळगुळीत झाला नाही. वाद्यमेळाचं श्रेयही ‘सारा बरेलिस आणि वेट्रेस बँड’ असं एकत्र आहे.

काही गोष्टी अल्बममध्ये कधी लागतच नाहीत, त्या इथे शिकाव्या लागतात. व्हॅम्प म्हणजे नट संवाद संपवेपर्यंत वादक दोन किंवा चार बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट, सहसा चारचा) तुकडा फिरवत राहतात. तो कंटाळवाणाही नको आणि लक्ष खेचणाराही नको. त्यातून गाण्यात शिरायची वाट कुठल्याही फेरीला उघडी असायला हवी. बटन म्हणजे गाण्याच्या शेवटचा ठाम ठोका. प्रेक्षक टाळी तिथे वाजवतो. रेकॉर्डिंगमध्ये गाणं विरत गेलं तरी चालतं. रंगमंचावर ते विरलं की लोकांना कळत नाही टाळी वाजवायची की नाही, आणि पुढच्या संवादाचं पहिलं वाक्य वाया जातं. कधी टाळी मुद्दामच नको असते. तेव्हा बटन न देता संगीत थेट पुढच्या प्रसंगाखाली सरकवतात.

आणि गाणी कापली जातात. ब्रॉडवेच्या आधी, नोव्हेंबर २०१५मध्ये, साराने नाटकातली गाणी स्वतःच्या आवाजात ‘व्हॉट्स इनसाइड’ या अल्बममधून काढली. त्यातलं ‘डोअर नंबर थ्री’ ब्रॉडवेच्या प्रयोगात नाही. त्या जागी ‘व्हॉट बेकिंग कॅन डू’ आलं. कापलेलं गाणं वाईट नाही, चांगलं खेळकर आहे. पण पहिल्या अंकाच्या सुरुवातीला जेनाला काय हवंय आणि ती कशाच्या आधाराने उभी आहे, हे प्रेक्षकाला कळायला हवं. नवीन गाणं ते पिठा-लोण्याच्या कामातूनच सांगतं. केंब्रिज ते ब्रॉडवे या काही महिन्यांत नृत्यदिग्दर्शक बदलला, काही नटही बदलले. चांगल्या गाण्यावरचं प्रेम सोडवत नाही, इथेच पॉपमधून आलेले बहुतेक जण अडकतात. पॉल सायमनसारखा नावाजलेला पॉप संगीतकार ‘द केपमॅन’ हे नाटक घेऊन १९९८मध्ये ब्रॉडवेवर आला आणि नाटक ६८ प्रयोगांत बंद झालं. गाण्यांची ताकद नाटकाच्या ताकदीत आपोआप बदलत नाही, एवढं त्यातून दिसतं.

पैशाचं गणितही वेगळं आहे. अमेरिकेत नाटकाचे हक्क लेखक-संगीतकारांकडेच राहतात, चित्रपटासारखे निर्मात्याकडे जात नाहीत. ड्रामॅटिस्ट्स गिल्डच्या नमुना करारात संहिताकार, संगीतकार आणि गीतकार या तिघांना मिळून साप्ताहिक गल्ल्याच्या साडेचार टक्के, आणि भांडवल वसूल झाल्यावर सहा टक्के असा पाया आहे. समजा आठवड्याचा गल्ला आठ लाख डॉलर. साडेचार टक्क्यांनी ३६ हजार होतात, तीन समान वाटे केले तर प्रत्येकी १२ हजार. शब्द आणि चाल एकाच व्यक्तीची असेल तर दोन वाटे तिचे. प्रत्यक्षात आज बरेच निर्माते नफ्यावर आधारलेला सामाईक रॉयल्टी पूल वापरतात, त्यामुळे आकडे हलतात. पण एक नियम घट्ट आहे. सुटं गाणं रेडिओवर वाजलं किंवा मैफिलीत गायलं गेलं तर त्याची वसुली एएससीएपी, बीएमआयसारख्या संस्था करतात. तेच गाणं कथेचा भाग म्हणून रंगमंचावर आलं तर परवानगी थेट हक्कधारकाकडून घ्यावी लागते. जुन्या पॉप गाण्यांवर नाटक रचायला निघालेल्यांची अर्धी शक्ती इथेच खर्ची पडते, कारण रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या करारात त्यांनी काय देऊन टाकलंय हे त्यांनाच आठवत नसतं.

आता अभिनय. जेनाची भूमिका पहिल्यांदा जेसी म्यूलरने केली. तिला आधीच गायिका-गीतकार कॅरोल किंगच्या भूमिकेसाठी टोनी (ब्रॉडवेचं सर्वोच्च पारितोषिक) मिळालेलं होतं, म्हणजे पॉपचा घाट रंगमंचावर कसा बसवायचा हे तिच्या गळ्यात पक्कं होतं. ‘वेट्रेस’ला चार टोनी नामांकनं मिळाली, त्यात संगीताचंही एक. पण ते वर्ष ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाचं होतं, तेव्हा बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारा जेना म्हणून उभी राहिली ३१ मार्च २०१७ला, उद्घाटनानंतर जवळजवळ वर्षाने.

बदली कलाकाराला मूळ संचासारख्या तालमी मिळत नाहीत. काही आठवडे रंगमंच व्यवस्थापक, संगीत दिग्दर्शक आणि डान्स कॅप्टन (नृत्यरचना सांभाळणारा कलाकार) यांच्याबरोबर रिकाम्या खोलीत जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांवर काम चालतं. पूर्ण संच, प्रकाश आणि वेशभूषेसह एकच ‘पुट-इन’ तालीम मिळते. त्यानंतर थेट प्रेक्षक. गाणी स्वतःची असली तरी त्याचा उपयोग निम्माच. जेना गाताना हातांनी पीठ मळते, आणि ते खरंखुरं पीठ असतं. कोणत्या शब्दाला लाटणं उचलायचं, कोणत्या शब्दाआधी ते खाली ठेवायचं, हे ठरलेलं असतं. चुकलं तर समोरच्या नटाला त्याचा इशारा मिळत नाही.

माइकची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हातातला माइक हे पॉप गायकाचं दुसरं वाद्य असतं. हळू गाताना ओठांजवळ, चढताना लांब. रंगमंचावर मणीएवढा माइक केसांच्या रेषेत कपाळावर चिकटवलेला असतो आणि तो जागचा हलत नाही. कुजबुजीची जवळीक त्यातून येत नाही, उलट हवेदार स्वर वाद्यांखाली गाडला जातो. लहान-मोठेपणा शरीरातून आणायचा, शब्दांची शेवटची व्यंजनं पोहोचवायची. स्वतःचा आवाज ऐकवणारे, कानात घालायचे मॉनिटरही बहुतेक वेळा नसतात. संगीत दिग्दर्शक बाल्कनीच्या कठड्यावरच्या पडद्यात दिसतो आणि नट प्रेक्षकांकडे बघत असल्यासारखं दाखवून त्याच्याकडे बघतो.

मग आठवड्याला आठ प्रयोग. सहसा सोमवारी सुट्टी, आणि दोन दिवस दुपारी-रात्री असे दोन-दोन. पॉपच्या दौऱ्यात घसा बसला तर गाण्यांचा क्रम बदलता येतो, एखादं गाणं श्रोत्यांकडून गाऊन घेता येतं. इथे क्रम दगडावरची रेघ. पियानोवरच्या मधल्या ‘सी’च्या वरचा ए हा स्वर ४४० हर्ट्झचा, म्हणजे तो धरलेल्या प्रत्येक सेकंदाला स्वरतंतू ४४० वेळा एकमेकांवर येतात. त्या पट्टीत छातीचा जड आवाज तसाच वर खेचत नेला तर पहिले दोन आठवडे काही जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधी हलके वरचे स्वर जातात, सकाळी आवाज उशिरा उघडतो, आणि लोक तेव्हा गरम पाणी पीत बसतात. पाण्याने तो दोष जात नाही. तो तंत्राचा आहे, मिश्र आवाजाकडे (छातीचा जड आणि डोक्यातला हलका आवाज यांच्या मिश्रणाकडे) वेळेवर न वळल्याचा. खरं नुकसान पुष्कळदा गाण्यात होतच नाही, ते भांडणाच्या संवादांत होतं. ओरडण्याच्या वाक्यांवर आवाजाच्या शिक्षकाबरोबर गाण्याइतकंच काम करावं लागतं. नाटक बहुतेक वेळ जेनाच्याच भोवती फिरतं, म्हणून मध्ये गळ्याला विसावा मिळत नाही.

सारा त्यानंतर २०१८ आणि २०१९मध्ये ब्रॉडवेवर, २०२०च्या सुरुवातीला लंडनच्या अडेल्फी थिएटरमध्ये आणि कोविडनंतर सप्टेंबर २०२१मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला जेना झाली. प्रत्येक वेळी मर्यादित काळासाठी. दरम्यान भूमिका इतर अभिनेत्रींकडे फिरत राहिली. नाटक तिच्यावाचून चालतं, हीच तिच्या लेखनाची खरी पावती. उलट उदाहरण पॉप-रॉक गायक स्टिंगचं: त्याच्या ‘द लास्ट शिप’ या संगीत नाटकाची तिकिटं खपेनात म्हणून डिसेंबर २०१४मध्ये तो स्वतः नटसंचात उतरला, आणि नाटक पुढच्याच जानेवारीत बंद झालं.

तिची खरी परीक्षा २०२२मध्ये झाली असं मी म्हणेन. ब्रॉडवेचे नामवंत संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांच्या ‘इनटू द वुड्स’मध्ये ती बेकरची बायको झाली, आधी न्यूयॉर्क सिटी सेंटरच्या एन्कोर्स मालिकेत आणि मग सेंट जेम्स थिएटरमध्ये. इथे लेखन तिचं नव्हतं. पॉप गायक ठेक्याच्या थोडं मागे रेंगाळत गातो, त्यातच त्याची अदा असते. सॉन्डहाइमच्या ओळीत प्रत्येक यमक म्हणजे त्या क्षणी सुचलेला विचार. ओळ मागे पडली की विनोद पडतो, पाठोपाठ वाद्यमेळाशी सांधाही सुटतो. हरकती-मुरक्यांना जागाच नाही. तिने त्यातला विनोद बोलण्याच्या सहजतेने पकडला, आणि २०२३मध्ये तिला मुख्य अभिनेत्रीचं टोनी नामांकन मिळालं. त्याआधी २०१८मध्ये अमेरिकन टीव्हीवरून थेट दाखवलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’च्या प्रयोगात ती मेरी मॅग्डलिन होती. तेच नाटक १९७०च्या दशकात अलेक पदमसींनी मुंबईत केलं तेव्हा रॉक गायक नंदू भेंडे त्यात जूडास झाले होते आणि पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’तही गायले. म्हणजे वाट आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही, फक्त रुळलेली नाही.

ज्यांना प्रत्यक्ष सुरुवात करायची आहे त्यांनी स्वतःचं एक प्रसिद्ध गाणं घ्यावं. त्याच्या आधी दोन माणसांचा एका पानाचा प्रसंग लिहावा, आणि गाण्याचं दुसरं धृपद काढून तिथे नवे शब्द घालावेत, असे की पात्राचा निर्णय बदलेल. नसेल जमत तर ते गाणं नाटकाचं नाही, दुसरं घ्या. मग ते स्वतः न गाता दुसऱ्या आवाजाच्या गायकाला द्या, पट्टी त्याच्या गळ्याप्रमाणे बदला आणि पेटी किंवा एका पियानोवर, माइकशिवाय, शेवटच्या रांगेत बसून ऐका. शब्द कळले नाहीत तर पहिला संशय चालीवर घ्यावा. बहुधा जोडाक्षर तार स्वरावर किंवा झटपट मात्रेवर पडलेलं असतं. गळ्याच्या तयारीसाठी तासभराचा संवाद-गाण्यांचा क्रम दुपारी एकदा आणि तीन तासांच्या अंतराने संध्याकाळी पुन्हा, असं आठवड्यातून दोन दिवस सलग करून बघावं. दुसऱ्या दिवशी सकाळी हलक्या आवाजात वरचे स्वर लागत असतील तर तंत्र ठीक आहे. लागत नसतील तर पट्टी एक स्वर खाली आणून मिश्र आवाजाचं काम आधी करा, भूमिकेच्या निवड चाचणीला नंतर जा. तिथे ऐकतात सोळा नाहीतर बत्तीस बारांचा तुकडा. म्हणून तुकडा निवडताना गाण्याची सुरुवात सोडून द्या आणि पात्राचं मन जिथे पालटतं तिथून गायला लागा.